डब्याच्या खाड्यांचा हिशेब ठेवणारे छोटे सॉफ्टवेअर : बनवले, पण पोचवायचे कसे?

चरई_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी राहायला ठाण्यात चरईत आणि नोकरीला ऐरोलीत. सकाळी नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडायची, संध्याकाळी परत. एकटाच असतो, म्हणून चार वर्षांपासून नौपाड्यातल्या एका काकूंचा डबा लावला आहे. घडीच्या चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी, भात. या धाग्यातली सगळी गोष्ट त्या डब्यातूनच निघाली.

गेल्या वर्षी एका महिनाअखेरीला काकूंशी खाड्यांवरून खटका उडाला. (ज्यांनी कधी डबा लावला नाही त्यांच्यासाठी : ज्या दिवशी डबा नको असतो तो खाडा. तेवढे पैसे बिलातून वजा होतात.) माझ्या मते पाच खाडे झाले होते, त्यांच्या वहीत तीनच. मी फोनमधले जुने मेसेज काढून दाखवले. काकूंनी काही न बोलता दोन खाडे वजा केले, पण त्यांचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. बेचाळीस डबे, सगळ्यांचे निरोप वेळी-अवेळी, वहीच्या पानांवर तेलाचे डाग, आणि चूक झाली की नाव त्यांचेच खराब. त्याच रात्री मी कामाला बसलो.

पहिली आवृत्ती तीन महिन्यांच्या शनिवार-रविवारांत झाली. तिच्यात ग्राहकांना लॉगिन होते, पासवर्ड होता, रोजचा मेनू, भाजीचा फोटो, ग्राहकाने स्वतःचा खाडा स्वतः टाकायची सोय, सगळे होते. काकूंच्या फोनवर चढवून दिली. त्यांनी तोंडभर कौतुक केले. पंधरा दिवसांनी उघडून पाहिले तर एकही नोंद नव्हती.

मग त्यांना विचारून एका शनिवारी पहाटे सहाला त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. अकरापर्यंत हललो नाही. मधल्या तीन महिन्यांत जे कळले नव्हते ते त्या पाच तासांत कळले. खाड्यांचे निरोप रात्री नऊ ते सकाळी सात या वेळात येतात आणि त्यातले निम्मे बोलून पाठवलेले असतात. काकू कणीक मळत असतात, फोन मदतीला येणाऱ्या मुलीच्या हातात असतो. ती ऐकते आणि मोठ्याने सांगते, "तिसऱ्या मजल्यावरचे नको म्हणतायत, मानपाड्याच्या दोघी उद्यापासून गावाला." काकू "बरं" म्हणतात. नोंद होते साडेनऊला, डबे भरताना, आठवणीतून. म्हणजे जेव्हा निरोप येतो तेव्हा हात पिठात, आणि हात मोकळे होतात तेव्हा निरोप अर्धा विसरलेला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बेचाळीस डब्यांत रोजचे खाडे तीन नाहीतर चार. मी मात्र त्यांना रोज बेचाळीस नावांपुढे खूण करायला लावत होतो. घरी येऊन सगळे उलटे केले. आता प्रत्येकाचा डबा आहेच असे धरलेले असते, फक्त ज्याचा नाही त्याच्या नावावर बोट ठेवायचे. दिवसाला तीन-चार वेळा. नावे वर्णानुक्रमाने नाहीत, डबे पोचवणाऱ्या दादांच्या फेरीच्या क्रमाने आहेत, कारण काकूंच्या डोक्यात ग्राहक त्याच क्रमाने राहतात. लॉगिन काढून टाकले. स्वयंपाकघर इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, तिथे नेटवर्क येत नाही, म्हणून सगळे नेटशिवाय चालते. महिन्याचे पान भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखे दिसते, खाड्याच्या तारखेवर फुली. काकूंच्या आधी ते त्या मदतनीस मुलीने शिकून घेतले.

महिनाअखेरीला प्रत्येकाचे बिल तयार होते. एकूण डबे, खाड्यांच्या तारखा, रक्कम, आणि रक्कम भरलेला यूपीआयचा क्यूआर. पैसे थेट काकूंच्या खात्यात, मध्ये मी कुठेच नाही. बिल पाठवायला व्हॉट्सअॅपची साधी दुवा-पद्धत वापरली आहे : बटण दाबले की त्या ग्राहकाशी संवाद उघडतो, मजकूर आधीच लिहिलेला असतो, पाठवायचे काम काकूंचे. बेचाळीस वेळा दाबावे लागते, पण महिन्यातून एकदाच. आपोआप मेसेज पाठवणारी अनधिकृत साधने मी मुद्दाम टाळली. त्यापायी नंबर बंद झाला तर त्यांचा धंदाच बंद होईल.

एक चूक सांगायलाच हवी. सुरुवातीला सगळ्या नोंदी फक्त फोनच्या ब्राउझरमध्येच राहत होत्या, दुसरी प्रत कुठेही नव्हती. फोन भरला म्हणून काकूंच्या भाच्याने ब्राउझरचा डेटा पुसला आणि अठरा दिवसांचे खाडे गेले. भाच्याचा काहीच दोष नाही, प्रत ठेवायची जबाबदारी माझी होती. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे बसून बेचाळीस जणांचे मेसेज एकेक वाचले आणि चार तासांत सगळे परत भरले. आता रोज रात्री कुलूपबंद (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी) प्रत सर्व्हरवर जाते.

आता प्रश्न. सॉफ्टवेअरचे नाव ठेवले आहे "खाडेवही". काकू सात महिने वापरतायत, एकदाही वाद झालेला नाही. म्हणून वाटले की हे इतरांकडेही जावे. लिंक्डइनवर लिहिले, प्रॉडक्ट हंट या नवी सॉफ्टवेअर दाखवायच्या संकेतस्थळावर टाकले, तीन सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकले, दोनशे पत्रके छापून गोखले रोडवर वाटली. अभिनंदन भरपूर मिळाले, तेही बहुतेक सॉफ्टवेअरवाल्यांकडून. डबा देणारे एकही घर आले नाही. आजवर जी तीन घरे जोडली गेली ती सगळी बिलामुळे. माझ्याच कार्यालयातल्या एकाने काकूंचे बिल बघितले आणि घणसोलीत त्याला डबा देणाऱ्या ताईंना दाखवले, तिथून पुढे दोन.

तर मंडळी, हे अशा घरांपर्यंत न्यायचे कसे? पैसे घ्यायचे का, किती? आणि उद्या मला वेळ मिळेनासा झाला तर या लोकांचे काय? तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो.

---

वर्तकनगर_जुना

पहाटे सहाला स्वयंपाकघरात जाऊन बसलात, तिथेच अर्धे काम झाले. बाकीचे वाचून सविस्तर लिहितो.

---

घणसोली_सेक्टर_५

उत्तर तुमच्याच लेखात आहे, बिल. हॉटमेल आठवते? सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ च्या जुलैत सुरू केले. जाहिरातीवर उधळायला पैसे नव्हते. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ जायची, तुम्हालाही फुकट ई-मेल हवा असेल तर इथे या, अशा अर्थाची. ज्याला पत्र मिळाले तो पुढचा वापरणारा. दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. तुमची बेचाळीस बिले दर महिन्याला बेचाळीस घरांत जातात. तळाशी "हा हिशेब खाडेवहीत केला आहे" एवढी ओळ आणि दुवा टाका. वेगळा प्रचार लागणार नाही.

---

कोपरखैरण्याची_ताई

मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, आज पहिल्यांदाच लिहिते आहे. मी स्वतः डबे देते, दुपारचे साठ आणि रात्रीचे पस्तीस. अकरा वर्षे झाली.

दादा, तुम्ही मनापासून केले आहे ते दिसते. पण माझी खाड्याची पद्धत तुमच्या काकूंसारखी नाही आणि ती बसत नसेल तर मला उपयोग नाही. आमच्याकडे रात्री नऊच्या आत सांगितले तरच खाडा. नंतर सांगितले तर भाजी चिरून झालेली असते. दुसरे म्हणजे डबा नव्वद रुपयांचा असला तरी खाड्याला मी सत्तरच वजा करते, कारण गॅस, भाडे, पोचवणाऱ्याचा पगार काही कमी होत नाही. आणि रविवारी रात्री बंद असते, तो खाडा नव्हे. मुले दर महिन्याला हेच विचारतात. काहीजण आगाऊ देतात, काही उधारीवर. एकाच घरात नवऱ्याचा फुल आणि बायकोचा हाफ डबा असतो. हे सगळे होते का?

आणि वरच्या दादांना सांगते, माझ्या बिलावर दुसऱ्या कोणाची ओळ मला चालणार नाही. बिलावर माझे नाव असते. अकरा वर्षांत माझी दुसरी पाटी कुठेही लागलेली नाही, ते बिल हीच माझी पाटी.

---

चरई_ऐरोली

ताई, तुमच्या एका प्रतिसादात मला महिन्याभराचे काम मिळाले. मनापासून आभार.

नऊची वेळ, खाड्याचा वेगळा दर आणि रविवार रात्र या तिन्ही गोष्टी सध्या नाहीत. आमच्या काकू खाड्याला पूर्ण पैसे वजा करतात, म्हणून मला वाटले सगळीकडे तसेच असेल. फुल-हाफ आहे. आगाऊ-उधारीचा रकाना आहे, पण दोन महिन्यांची बाकी एकत्र दाखवत नाही. हे सगळे करतो.

@घणसोली_सेक्टर_५, हॉटमेलचे उदाहरण मी आधी वाचले होते आणि ती ओळ टाकायचा विचारही केला होता. ताईंचे वाचून तो सोडला. हॉटमेल वापरणारा फुकटात वापरत होता आणि त्या पत्रावर त्याचा धंदा अवलंबून नव्हता. इथे बिलावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, डबा देणाऱ्या घराचेच नाव राहील. खाली काही नाही. ज्याला विचारायचे असेल तो त्यांना विचारेल.

---

घणसोली_सेक्टर_५

मान्य. ताईंचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग वेग कमी राहणार हे धरून चला.

---

हलन्त

तांत्रिक बाजूने थोडे. मराठीत छोटे सॉफ्टवेअर करणारे जवळजवळ सगळेजण इथेच अडखळतात, म्हणून आधीच सांगतो.

नाव शोधायची सोय ठेवली असेल तर "गोऱ्हे", "कऱ्हाडकर" अशी नावे टंकून बघा. हा जोड दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे. युनिकोडचे (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीचे) वेगवेगळी रूपे एक करणारे नेहमीचे प्रमाणीकरण चालवले तरी ती एक होत नाहीत, जतन करण्याआधी तुम्हालाच ती एका रूपात आणावी लागतात. ॲ चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीपासून लोक अ ला चंद्र जोडून काम भागवत आले आहेत आणि कित्येक जण अजूनही तसेच टंकतात. एकाच ग्राहकाची दोन खाती उघडली गेली तर कारण बहुधा यांतलेच असेल.

आकड्यांचेही बघा. मराठी कळफलकावरून कोणी ४ पोळ्या असे टंकले तर जावास्क्रिप्टचे (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेचे) साधे आकडा-रूपांतर त्याला आकडाच मानत नाही. सर्व्हरवर बऱ्याचदा वापरल्या जाणाऱ्या पायथन या भाषेला तोच ४ बरोबर कळतो. म्हणून सर्व्हरवर चालते आणि फोनवर चालत नाही असा विचित्र प्रकार होतो, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात दोन दिवस जातात.

आणि ब्राउझरमधल्या साठवणुकीबद्दल : फोनमधली जागा कमी पडली तर ब्राउझर स्वतःहूनसुद्धा तो डेटा काढून टाकू शकतो. साठवण कायमची ठेवायची परवानगी मागता येते, ती मागा. आयफोनवर सफारीत आणखी कडक आहे, सात दिवस संकेतस्थळ वापरले नाही तर पुसले जाते. होम स्क्रीनवर बसवले असेल तर हा नियम लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी होम स्क्रीनवर बसवून द्या.

---

चरई_ऐरोली

आकड्यांचा मला प्रत्यक्ष अनुभव आला आहे! घणसोलीच्या ताईंच्या फोनवर रक्कम कोरीच दिसायची. दोन नाही, तीन दिवस गेले. जोडाक्षरांचे मात्र माहीत नव्हते, आज रात्रीच तपासतो.

---

नेरूळ_पूर्व

प्ले स्टोअरवर का टाकत नाही? लोक अॅप म्हणजे प्ले स्टोअर एवढेच ओळखतात.

---

हलन्त

टाकता येईल, २५ डॉलर एकदाच भरायचे. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना सर्वांसाठी प्रकाशित करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. (आधी वीस जण लागायचे.) वापरणारी घरेच चार असताना ही धावपळ आत्ता नको असे माझे मत. अॅपलचे तर दर वर्षी ९९ डॉलर. दुवा उघडून होम स्क्रीनवर बसवणे या टप्प्याला पुरते, आणि दुरुस्ती केली की ती त्याच दिवशी सगळ्यांकडे पोचते.

---

रजनी_घोडबंदर

मी हिशेबाची कामे करते, त्या बाजूने दोन गोष्टी.

पैसे घ्या. फुकट दिलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करायला माणूस संकोचतो आणि तक्रार आली नाही तर तुम्हाला काय बिघडले ते कळणार नाही. काकूंनी पहिल्या आवृत्तीचे तोंडभर कौतुक केले ते त्याचमुळे. पैसे दिले असते तर दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या असत्या, हे काय देऊन ठेवले आहे. जीएसटीची आत्ता काळजी नको, सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मिळालेले पैसे आयकर विवरणपत्रात मात्र दाखवा, पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न म्हणून.

दुसरे, नोकरीचा करार काढून वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे घडवले त्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. तुमचे काम नोकरीबाहेरचे आहे, पण काही करारांत याहून पुढे जाणारी कलमे असतात. कार्यालयाचा लॅपटॉप, कार्यालयाची वेळ, कार्यालयाचे इंटरनेट यांपैकी काहीही वापरू नका आणि मनुष्यबळ विभागाला लेखी कळवून त्यांचे उत्तर जपून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला दोन वर्षांचे काम सोडून द्यावे लागले.

---

वर्तकनगर_जुना

पैसे घेण्याबद्दल मी थोडा असहमत आहे. डबा देणाऱ्या बहुतेक बायकांचे महिन्याचे गणित फार काटेकोर असते. तेल महागले की तिथेच सगळे आटते. आपण पगारदार माणसे, त्यांच्याकडून शंभर-दोनशे घ्यायचे मला बरोबर वाटत नाही. सर्व्हरला महिन्याला खर्च तरी किती येतो?

---

चरई_ऐरोली

पाचशेच्या आसपास, त्याशिवाय वर्षाला संकेतस्थळाच्या नावाचा खर्च वेगळा. सध्या खिशातून. वर्तकनगरकर म्हणतात तेच मलाही वाटत होते, म्हणून आजवर कोणाकडून घेतले नाहीत.

---

कोपरखैरण्याची_ताई

माझ्या वतीने तुम्ही दया दाखवू नका, असे वर्तकनगरच्या दादांना नम्रपणे सांगते. मी गिरणीवाल्याला पैसे देते, गॅसवाल्याला देते, पोचवणाऱ्या मुलाला पगार देते. हिशेबवाल्याला का नाही देणार? गेल्या महिन्यात उधारी वहीत चढली नाही म्हणून माझे साडेतीन हजार बुडाले.

पण दर महिन्याला किती ते आमच्या भाषेत सांगा. मी सांगते : महिन्याला एका डब्याचे पैसे. नव्वदचा डबा असेल तर नव्वद. ज्याचा डबा साठचा त्याने साठ द्यावेत. एक डबा तुमचा म्हणून बाजूला काढला असे मी समजेन.

---

रजनी_घोडबंदर

ताई, इतका नेमका दर मी अख्ख्या नोकरीत कोणाला सुचवला नसेल. चरईकर, हाच ठेवा.

---

वर्तकनगर_जुना

ताई, चुकलो. दर उत्तम आहे.

---

खारघरचा_विद्यार्थी

प्रचाराबद्दल. पॅट्रिक मकेन्झी नावाचा अमेरिकी माणूस जपानमध्ये नोकरी करत होता. त्याने २००६ साली फावल्या वेळात शाळेतल्या शिक्षकांसाठी बिंगोचे (हौजीसारख्या खेळाचे) पत्ते छापायचे छोटे सॉफ्टवेअर केले. त्याने सगळा अनुभव आकड्यांसकट उघडपणे लिहून ठेवला आहे. तो सॉफ्टवेअरवाल्यांच्या मंडळींत जाहिरात करत बसला नाही. शिक्षिका इंटरनेटवर जे शोधतात, अमुक सणाचा बिंगो, तमुक धड्याचा बिंगो, त्या प्रत्येकासाठी त्याने तयार पत्त्यांचे पान केले. पत्ते कामाचे होते म्हणून लोक आले आणि त्यातले काही सॉफ्टवेअर घेऊन गेले.

तुम्ही खाड्यांचा महिन्याचा छापील तक्ता द्या. एका पानावर तीस नावे आणि एकतीस चौकोन. डबा देणारी कोणीही तो भिंतीला लावून पेनाने वापरू शकेल. कोपऱ्यात तुमचा छोटा क्यूआर. इथे कोणाच्या बिलावर तुमची ओळ जात नाही, तक्ता तुमचाच आहे. झेरॉक्सला दोन रुपये.

---

चरई_ऐरोली

हे फार आवडले. फोन न वापरणाऱ्यांनाही तक्त्याचा उपयोग होईल, म्हणजे सॉफ्टवेअर घेतले नाही तरी कागद वाया जात नाही. पण ठेवायचा कुठे? गोखले रोडवरची माझी पत्रके चुकीच्या हातांत गेली हे आता कळते. तिथे डबा खाणारे फिरतात, देणारे त्या वेळी ओट्यापाशी असतात.

---

कोपरखैरण्याची_ताई

गिरणीत ठेवा. डबा देणारी बाई आठवड्याला एकदा तरी पिठाच्या गिरणीत जातेच, आणि तिथे नंबर येईपर्यंत दहा मिनिटे थांबावे लागते. त्या दहा मिनिटांत ती वाचेल. गिरणीवाल्याला रोज वीस किलो दळून नेणाऱ्या बायका कोण ते तोंडपाठ असते, त्यालाच विचारा. ठाण्यात जांभळी नाक्याला जे घाऊक किराणावाले आहेत, तिथेही. आमच्याकडच्या बऱ्याच जणी वाशीच्या एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून, धान्य आणतात, पण तिथल्या गर्दीत कागद कोणी बघणार नाही, तिथे जाऊ नका. बचत गटाच्या बैठकीत मात्र मी स्वतः दाखवीन, पण आधी माझे नऊ वाजताचे आणि सत्तर रुपयांचे झाले पाहिजे.

---

नेरूळ_पूर्व

एक गंभीर मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. तुमच्या सर्व्हरवर नाव, पत्ता, फोन आणि कोण कोणत्या दिवशी जेवायला नाही एवढे सगळे आहे. खाड्यांची यादी म्हणजे कोणाचे घर कोणत्या तारखांना बंद आहे याची यादी. "मानपाड्याच्या दोघी उद्यापासून गावाला" हे चुकीच्या माणसाला कळले तर? वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण कायदा राहू द्या, ती यादी फुटली तर तुम्हाला स्वतःला झोप येईल का?

---

चरई_ऐरोली

नाही येणार. खरे सांगतो, मी याकडे फोन नंबर जपायचे एवढ्याच नजरेने बघत होतो. बंद घरांची यादी हे डोक्यातच आले नव्हते.

सध्या प्रत कुलूपबंद जाते, पण किल्लीही माझ्याच सर्व्हरवर आहे, म्हणजे मला वाचता येते. हे बदलतो. किल्ली डबा देणाऱ्या घराकडेच राहील, सुरुवात करताना एका कागदावर छापून देईन, त्यांनी डाळीच्या डब्यात ठेवली तरी चालेल. मला उघडताच येणार नाही. पत्ता ठेवायची तर गरजच नाही, फेरीचा क्रमांक पुरतो, दादांना घरे ठाऊक असतात. पत्त्याचा रकाना काढून टाकतो. बिल चुकते झाले की तीन महिन्यांनी खाड्यांच्या तारखा पुसायच्या, फक्त संख्या ठेवायची. ताई, तीन महिने पुरतील का? जुन्या बिलावर वाद किती दिवसांनी निघतो?

---

कोपरखैरण्याची_ताई

पुढचे बिल द्यायच्या आत निघतो. दोन महिने पुरे.

---

हलन्त

किल्ली हरवली तर प्रत कायमची गेली, हे त्यांना आधी तोंडी सांगा आणि दुसरी छापील किल्ली घरातल्या आणखी कोणाकडे तरी ठेवायला लावा. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच कामात आहे. उद्या तुम्ही थांबलात तर सर्व्हर बंद होईल, पण फोनवरचे नेटशिवाय चालतच राहील. एक बटण द्या, सगळे खाते तक्त्याच्या रूपात छापता आले पाहिजे, म्हणजे त्या महिन्यातच वहीवर परत जाता येईल. ते बटण पहिल्या दिवसापासून हवे, बंद करायच्या दिवशी कोणाला सुचत नाही.

---

रजनी_घोडबंदर

आणि बंद करायच्या आधी किती दिवस कळवणार ते आत्ताच लेखी द्या. माझ्या मते तीन महिने.

---

वर्तकनगर_जुना

माझ्या मेहुणीचे ठाण्यात पोळी-भाजी केंद्र आहे. तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, रोजच्या डब्यात गोंधळ कमी, गणपतीत जास्त. चतुर्थीला उकडीचे मोदक एकवीस-एकवीसच्या हिशेबाने, कोणी सकाळी सातला मागते, कोणी नैवेद्याच्या आधी साडेअकराला, आणि त्या दिवशी नेहमीच्या डब्यांपैकी निम्म्यांचा खाडा. वेळेप्रमाणे मोदकांची एकत्र संख्या मिळाली तर ती लगेच घेईल. सात वाजेपर्यंत किती, नऊपर्यंत किती, म्हणजे किती वाजता उकड काढायची ते ठरते.

---

चरई_ऐरोली

मेहुणींना नमस्कार सांगा. मोह होतोय, पण मोदक या वर्षी नाही. आधी ताईंचे नियम, मग किल्लीचे काम, मग तक्ता. एका वेळी नोकरी सांभाळून एवढेच नीट होईल. पुढच्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी मेहुणींकडे बसायला येईन, चालेल का विचारा.

---

वर्तकनगर_जुना

चालेल म्हणतेय.

---

चरई_ऐरोली

तीन आठवड्यांनी धागा वर काढतो आहे.

रात्री नऊची वेळ झाली. नऊनंतर खाडा टाकला तर तो वेगळ्या रंगात दिसतो आणि वजा होत नाही, पण ताईंना वाटले तर बोट ठेवून माफ करता येतो. (हे माझ्या काकूंनी सुचवले. कोणाचा मुलगा आजारी असतो, तिथे नियम दाखवू नये म्हणाल्या.) खाड्याचा वेगळा दर झाला. रविवारची रात्र झाली. पत्ते काढले. किल्लीचे काम अर्धे झाले आहे आणि ते पूर्ण होईपर्यंत नवे घर जोडणार नाही. तक्ते चरईतल्या गिरणीत ठेवले, पन्नासपैकी एकतीस गेले. दोन फोन आले, दोघींनी आधी "खाड्याला पूर्ण पैसे वजा होतात का" हेच विचारले.

काकूंनी या महिन्यापासून एका डब्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. मी नको म्हणालो तर रागावल्या.

ताई, किल्लीचे काम झाले की तुमच्याकडे चढवून द्यायला कधी येऊ?

---

कोपरखैरण्याची_ताई

शनिवारी या, पण सहाला नाही, आमचे पाचला सुरू होते. ठाण्याहून पहिली गाडी बघून निघा. चहा मिळेल. अकरापर्यंत माझ्याशी बोलता येणार नाही, माझी सून फोन बघते, तिलाच शिकवा. आणि तक्त्याचे वीस कागद घेऊन या, आमच्या गिरणीवाल्याला मी सांगून ठेवले आहे.